दहा सेकंदांचा डबा आणि चार हजार डॉलर

ऐकलंत का? लोक पुन्हा फ्लॉपी शोधत फिरताहेत! तीच ती साडेतीन इंची, जिची विक्री सोनीने जपानात २०११ मध्ये बंद केली. आणि कशासाठी, तर जुना सॅम्पलर, म्हणजे आवाजाचे तुकडे भरून पॅडवर वाजवायचा डबा, घेतलाय म्हणे, स्टेजवर वाजवायला. चांगले शिकलेसवरलेले, घराचे हप्ते भरणारे लोक हो!

अशाच एका डब्याचं नाव एसपी-१२००. कॅलिफोर्नियातल्या ई-म्यू कंपनीने १९८७ साली काढला. याची लायकी काय? आत एकूण आवाज मावतो दहा सेकंदांचा. दहा! एवढ्या वेळात आपल्याकडच्या निवेदकाचं ‘रसिकहो’सुद्धा आटपत नाही. त्यातही एका तुकड्याच्या वाट्याला फार तर अडीच सेकंद. न्यूयॉर्कच्या हिप-हॉपवाल्यांनी मग लबाडी केली. मिनिटाला ३३ फेऱ्यांची तबकडी ४५ वर पळवायची, तो चिरका आवाज आत भरायचा आणि मशीनमध्ये पुन्हा खाली ओढायचा. जागा वाचली, पण आवाज झाला खरखरीत. बारा बिटांच्या त्या डब्याचं ते वैगुण्य. आज त्याच वैगुण्यावर सगळे लट्टू! बनवणाऱ्या डेव्ह रॉसम यांनाही वारं कुठून वाहतंय ते कळलं. २०२१ मध्ये त्यांनी तोच डबा नव्याने बाजारात आणला, किंमत चार हजार डॉलरच्या घरात. म्हातारा मात्र त्याहून रुबाबात विकला जातो तो जातोच.

एमपीसीवाल्यांचा पंथ वेगळा. रॉजर लिन यांनी अकाई कंपनीसाठी १९८८ मध्ये सोळा पॅडची पहिली एमपीसी घडवली, तेव्हापासून यांचे देव सोळा. जे डिला या निर्मात्याची एमपीसी तर वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जाऊन बसली आहे. आता मला सांगा, जी वस्तू संग्रहालयात गेली तिची भावंडं शनिवारी रात्री सांडलेल्या बिअरशेजारी मांडायची हौस कुणाला असावी? पुण्या-मुंबईतल्या लो-फायवाल्या पोरांना आहे.

आणि घेताना बघतात काय? रंग! फोटोत कसा दिसतो ते! अमेरिकेतल्या मावसभावाने सुटकेसमधून जुनी एमपीसी आणली की पेढे वाटायचेच बाकी असतं. ती १२० व्होल्टवर चालणारी, आपल्या भिंतीत २३० व्होल्ट. मध्ये स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर न लावता प्लग खुपसला की आवाज खरोखरच ‘वॉर्म’ होतो, वासासकट. जपानहून आलेली असेल तर १०० व्होल्ट. रोलँड कंपनीच्या जुन्या डब्यांच्या अ‍ॅडाप्टरची तऱ्हा आणखी निराळी, पिनेच्या आत ऋण टोक आणि बाहेर धन. कपाटातला कुठलाही अ‍ॅडाप्टर ‘बसतोय की’ म्हणून लावणारे महाभाग कमी नाहीत.

बरं, फ्लॉपी मिळाली असं धरू. तिच्यात मावणार १.४४ एमबी, म्हणजे सीडीच्या दर्जाचा मोनो आवाज सोळा सेकंद. ती कुरकुरत वाचली जाईपर्यंत गायकाने करायचं काय? पाणी प्यायचं, माईक नीट करायचा, तबलजीची ओळख दुसऱ्यांदा करून द्यायची. शहाणे लोक फ्लॉपीचा ड्राइव्ह उपटून तिथे पेनड्राइव्हचा ड्राइव्ह बसवून घेतात. पण शुद्धतावाद्यांना ते चालत नाही म्हणे, आत्मा जातो मशीनचा!

या सगळ्यांनी एकदा हळदीच्या मांडवातल्या पॅडवाल्याबरोबर जुना माल बघायला जावं. तो पैशाचा विषय काढायच्या आधी स्वतःच्या स्टिक काढतो. बैलबाजारात दात बघतात तसं त्याचं चालतं. नऊच्या नऊ पॅडवर आधी हलका हात, मग जोरात. एक वाजवला आणि शेजारचा बोलला, की माल नापास. एका टोल्याला दोनदा वाजला, तरी नापास. मधला पॅड जास्त झिजलेला असणार हे त्याला बघायच्या आधीच ठाऊक असतं. मग जॅक हलवून बघेल, किट भराभर बदलून बघेल, दहा मिनिटं बंद ठेवून पुन्हा चालू करेल. त्याला हवा असतो रोलँडचा एसपीडी-एसएक्स. कुणी त्याच्यावर लेख लिहीत नाही, कुणी त्याला संग्रहालयात ठेवत नाही, पण आत दोन जीबी जागा आहे, हलगी, संबळ, ताशा असं सगळं आपलं आपण भरता येतं आणि चालू गाण्यातून पुढच्या गाण्यात जाता येतं. माझं मत विचाराल तर स्टेजसाठी असला कंटाळवाणा डबाच घ्यावा. बोटांनी वाजवणार असाल तर एसडी कार्डवर चालणारा एसपी-४०४ एसएक्स.

अर्थात पॅडवालेही काही संत नव्हेत. एसपीडी-२०लाच सॅम्पलर समजून घेणारे आहेत; त्यात कंपनीने दिलेल्या आवाजांची हवी तेवढी खिचडी करा, बाहेरचा एक टोलही आत घेता येत नाही. आणि एसपीडी-एसएक्सच्या लाल चमचमत्या स्पेशल एडिशनपायी वाहवत गेलेले तर विचारूच नका. सोळा जीबी जागा हे निमित्त, खरं कारण व्हिडिओत ती झकास दिसते हे. शिवाय ‘पॅच भरून देतो’ म्हणत विकणाऱ्याने सौदा झाल्यावर सगळे आवाज पुसून डबा हाती दिला, यावरून भर चौकात हमरीतुमरी होते. सुपारी मिळते त्या आवाजांवर. ते असे फुकट कोण देतो?

ताजी खबर अशी, की आता एसपी-३०३ची लाट आलीय. बॉस कंपनीचा २००१ सालचा डबा. मॅडलिब नावाच्या निर्मात्याने ब्राझीलमधल्या हॉटेलच्या खोलीत बसून त्याच्यावर काम केलं, एवढं कानावर आलं आणि भाव कडाडले. याला लागतं स्मार्टमीडिया कार्ड. पापुद्र्याएवढं पातळ, मोठ्यात मोठं १२८ एमबीचं, आणि कधीचंच बाजारातून गेलेलं. विकणाऱ्याला विचारलंत तर तो निर्विकारपणे सांगतो, ‘कार्डाचं तुमचं तुम्ही बघा.’ आणि घेणारा बघतोय हो, आनंदाने!