सिंगल, डबल, किंग साइज वाघ

सोलापूरच्या नवी पेठेत वाघ तीन मापांत मिळतो. सिंगल, डबल आणि किंग साइज. थंडी पडली की दुकानांच्या दारात ही ब्लँकेटं दोरीवर टांगली जातात आणि उरलेल्या बोळातून दुचाकी काढणाऱ्याच्या गालाला वाघाच्या मिश्या घासून जातात. माल पानिपतचा. सोलापुरी चादरीला जीआय मानांकन आहे, पण चादरीवर मोर, फुलं आणि चौकडे. डरकाळी फोडायची तर सोलापूरकराला पानिपतकडंच बघावं लागतं, आणि मराठी माणसाचा पानिपताचा अनुभव काय आहे हे वेगळं सांगायला नको.

ओळखीच्या दुकानदाराला परवा विचारलं, ‘मालक, या सिंगलमधल्या वाघाला शेपूट का नाही?’

‘सिंगलात बसत नाही. शेपूट पाहिजे तर डबल घ्या की.’

वाघ केवढा हे शेपटीवर ठरतं, हे शास्त्र या गृहस्थांना कुणी शिकवलेलं नाही. पण इंग्रजांच्या काळातल्या शिकाऱ्यांना ते तोंडपाठ होतं. दहा फुटी वाघ म्हणून ज्याचा फोटो दिवाणखान्यात लागायचा, त्यातली तीनेक फूट निव्वळ शेपूट असायची. मोजण्याच्या रीतीही दोन. एक सरळ. मेलेला वाघ आडवा ताणायचा, नाकाशी एक खुंटी, शेपटीच्या टोकाशी दुसरी, आणि दोन खुंट्यांमधलं अंतर घ्यायचं. दुसरी रीत जरा रसिक. टेप नाकावर टेकवून कपाळावरून, मानेवरून, पाठीच्या चढउतारावरून लाडानं फिरवत शेपटीपर्यंत न्यायची. वाघ तोच, पण पाच-सहा इंच सहज वाढतो. जिम कॉर्बेटनं 1930 साली मारलेला पवलगढचा प्रसिद्ध वाघ दहा फूट सात इंच भरला, तो या दुसऱ्या रीतीनं. व्हाइसरॉयसाहेबांच्या शिकारीला तर अकरा इंचांचा फूट असलेली खास टेप नेत, अशी दंतकथा आहे. खरी-खोटी देव जाणे. पण सरकारी मापात साहेबाचा वाघ लहान भरल्याचं कुणी ऐकलं आहे का?

वजनाची तीच गत. वाघ एका बैठकीला पंचवीस-तीस किलो मांस रिचवू शकतो, त्यामुळं काट्यावर तो जेवणाआधी चढला की जेवणानंतर, यावर त्याची कीर्ती ठरे. जगात सर्वात थोर वाघ सायबेरियाचा, तीनशे किलोंचा, असं आपण शाळेपासून ऐकत आलो. पुढं रशियात संशोधकांनी रानातल्या वाघांना बेशुद्ध करून पट्टे बांधले, तेव्हा त्यांचे नर सरासरी पावणेदोनशे किलोंच्या आसपासच निघाले. आपल्याकडचा नर बहुधा दोनशेच्या वर जातो. पण म्हणून लगेच छाती फुगवू नये. त्याच आपल्या बंगाल वाघाच्या सुंदरबनातल्या वाघिणी मोजल्या तर त्या ऐंशी किलोंच्याही आत भरल्या. खारफुटीत हरीण जेवढं मिळेल तेवढंच अंगी लागणार.

माप झालं की वर्गवारी. लोकांची वर्गवारी सोपी आहे. पिवळा, पट्टे असलेला तो ढाण्या वाघ. ठिपकेवाला दिसला की तोही वाघच, कारण पळताना माणूस ठिपके मोजत नाही. करमाळ्याच्या लोकांनी 2020 च्या डिसेंबरात जो ‘वाघ’ सोसला, तो कागदावर बिबट्या होता. गोळी घालून मारल्यावरही गावात त्याला वाघच म्हणत. तिसरा प्रकार फ्लेक्सवरचा. हा चौकात सापडतो. गॉगल लावतो, वाढदिवसाच्या आठवड्यात संख्येनं वाढतो, त्याला वीस बाय दहाची जागा लागते आणि परवानगी लागत नाही. शहरात याची घनता किती, हे कुणी कॅमेरा लावून मोजलेलं नाही. कॅमेरे मात्र प्रत्येक चौकात आहेत.

शास्त्रज्ञांचं एवढं सोपं नाही. लिनियसनं 1758 साली वाघाला शास्त्रीय नाव दिलं आणि मांजरांच्या रांगेत बसवलं. नंतरच्या दीडशे-दोनशे वर्षांत कुणी कातड्याचा रंग बघून, कुणी कवटी मोजून नवनव्या उपजाती काढल्या. बंगाल, सायबेरिया, कास्पियन, दक्षिण चीन, इंडोचीन, सुमात्रा, जावा, बाली. 2004 साली मलेशियाच्या वाघाला स्वतंत्र उपजात मिळाली आणि त्यांची संख्या नऊ झाली. तोवर बाली, जावा आणि कास्पियनचे वाघ जगातून संपून गेले होते, ही गोष्ट निराळी. 2017 साली मांजरकुळातल्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटानं सांगितलं की उपजाती दोनच: एक आशियाच्या मुख्य भूमीवरची, दुसरी सुमात्रा-जावा बेटांवरची. पुढच्याच वर्षी जनुकं तपासणाऱ्यांनी सांगितलं, छे छे, जिवंत उपजाती सहा आहेत.

हा वाद रिकामटेकड्यांचा नाही. दोनच उपजाती धरल्या तर एका देशाचा वाघ उचलून दुसऱ्या देशाच्या ओसाड रानात नेता येतो. सहा धरल्या तर भेसळ होईल म्हणून हात आखडता घ्यावा लागतो. पण गंमत बघा. या सगळ्या उलथापालथीत आपल्या विदर्भातला वाघ ‘बंगाल’चा ‘मुख्य भूमी’चा झाला, पुन्हा ‘बंगाल’चा झाला, आणि त्याला साधी नोटीससुद्धा आली नाही.

मग गणती. ही आपली खास आवड. 1972 मध्ये देशात 1,827 वाघ भरले आणि 1 एप्रिल 1973 ला व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ प्रकल्पांत आपलं मेळघाट होतं. पुढची कितीतरी वर्षं वाघ म्हणजे पाऊलखुणा. काच ठेवून ठसा काढायचा आणि फायलीला लावायचा. ही पद्धत वाघांना फार मानवली. ते कागदावर दरवर्षी वाढत गेले, आणि 2005 मध्ये राजस्थानातल्या सरिस्कात एकही वाघ उरलेला नाही असं उघड झालं तेव्हा ठसे शाबूत होते. मग वाघांचे अभ्यासक उल्हास कारंथांनी नव्वदीच्या दशकात नागरहोळेत वापरलेले कॅमेरे देशभर आले. वाघाच्या अंगावरचे पट्टे माणसाच्या अंगठ्यासारखे. एकाचे दुसऱ्याशी जुळत नाहीत. नव्या हिशेबानं 2006 मध्ये 1,411 वाघ निघाले.

2022 च्या गणनेचं तर मला फार कौतुक आहे. 2023 च्या एप्रिलमध्ये म्हैसूरला समारंभात आकडा जाहीर झाला, 3,167. जुलैत तपशीलवार अहवाल आला, त्यात 3,682. साडेतीन महिन्यांत 515 वाघ वाढले आणि एकाही वाघिणीला कळा आल्या नाहीत! जाणकार सांगतात की पहिला आकडा किमान होता, दुसरा अंदाजाची सरासरी. पटलं. माझाही पगार मी याच रीतीनं सांगतो. पाहुण्यांत सरासरी, वर्गणीवाल्यांना किमान. महाराष्ट्राच्या वाट्याला त्यातले 444 आले. 2006 मध्ये 103 होते. ही वाढ खरी आहे आणि तिच्यामागं वनरक्षकांची पायपीटही खरी आहे.

आता एवढे वाघ वाढले म्हणजे ते राहणार कुठं, हा प्रश्न कुठल्याच समारंभात निघाला नाही. तो वाघानंच काढला. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्याचं क्षेत्र दीडशे चौरस किलोमीटरही नाही. तिथं वाढलेल्या पोरांना बाप जागा देत नाही आणि सरकार देऊ शकत नाही. तिथून निघालेला एक वाघ 2019 मध्ये चालत चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत गेला. दुसरा 2021 मध्ये औट्रम घाटाच्या गौताळ्यात पोचला. तिसऱ्यानं साडेचारशे-पाचशे किलोमीटर तुडवले आणि 2024 च्या डिसेंबरात तो धाराशिवच्या येडशी-रामलिंग अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात दिसला. पट्टे टिपेश्वरच्या जुन्या फोटोशी जुळले. तिथून बार्शी तालुका म्हणजे त्याच्या दृष्टीनं शेजारची आळी. लवकरच तो सोलापूर जिल्ह्याच्या हद्दीत जनावरं मारू लागला.

जन्म यवतमाळ, मुक्काम धाराशिव, जेवण सोलापूर. असल्या माणसाला आपल्याकडं रेशनकार्ड मिळत नाही, याला कुठून मिळणार?

येडशीचं अभयारण्य सुमारे 22 चौरस किलोमीटर. एका नराला, भरपूर सावज असलेल्या रानातही, याच्या दुप्पट-तिप्पट जागा लागते. सिंगल ब्लँकेटमध्ये शेपूट बसत नाही, इथं वाघच बसत नव्हता. तेव्हा त्याला ‘भरकटलेला’ ठरवण्यात आलं. असं वर्गीकरण करायला राष्ट्रीय व्याघ्रसंवर्धन प्राधिकरणाची प्रमाण कार्यपद्धती आहे, आणि ती उगाच नाही. तिनं माणसं वाचतात, वाघही वाचतात. 2025 च्या जानेवारीत पकडण्याचे आदेश निघाले. ताडोब्याहून पथक आलं, पुण्याहून पथक आलं, ड्रोन आले, कॅमेरे लागले, सह्याद्री व्याघ्रप्रकल्पात नेऊन सोडायचं ठरलं. सगळं आलं. वाघ मात्र आला नाही. आठवड्यांमागून आठवडे तो रात्री डोंगरातून उतरायचा, जेवायचा आणि उजाडायच्या आत जिल्हा बदलायचा. जिल्ह्याची हद्द ओलांडली की प्रकरण आपलं राहत नाही, हे मर्म त्याला इतक्या लवकर कसं उमगलं याचा शोध घ्यायला हवा.

नवी पेठेत त्या दिवसांत फक्त हाच विषय. ‘सोलापुरात येतोय काय?’, ‘येऊन करतोय काय, पार्किंग कुठाय?’ एका चहावाल्याच्या मते वाघ गड्ड्याच्या यात्रेला निघाला होता आणि गर्दीचा अंदाज घेऊन बार्शीतच थांबला. सर्वात मुद्द्याचं बोलला तो सुटाच्या कापडाचा व्यापारी. ‘आपल्या जिल्ह्यात जागेला काय तोटा? माळढोकला दिलीच की.’

बाकी सगळे हसले, पण टोला नेमका बसला होता. नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 मध्ये जाहीर झालं, क्षेत्र 8,496 चौरस किलोमीटर. सोलापूर आणि नगर, दोन जिल्ह्यांत पसरलेलं. त्यात शेतं होती, रस्ते होते, बाजार भरणारी गावं होती. पक्ष्याला म्हणून अख्खे तालुके देऊन टाकले. घरावर मजला चढवायचा की जमीन विकायची, शेतकऱ्यांना कितीतरी वर्षं माळढोकाच्या नावानं खेटे घालावे लागले, आणि ज्या गावांनी माळढोक कधी पाहिला नाही त्यांनी त्याला शिव्या मात्र रोज दिल्या. पुढं हद्द छाटून सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आणली. तोवर माळरानं नांगरली गेली, ऊस आला, विजेच्या तारा आल्या. आता नान्नजला एखादी मादी दिसली तरी पेपरात बातमी येते. म्हणजे उडणाऱ्याला कागदावर समुद्र दिला आणि चालणाऱ्याला, टिपेश्वर ते येडशी, पाय टेकायला एक अखंड झुडपी पट्टासुद्धा नाही. दोन्ही खाती एकाच विभागाची, दोन्ही नकाशे बहुधा एकाच कपाटात.

सह्याद्रीचंही असंच. व्याघ्रप्रकल्प 2010 मध्ये झाला, कोयना आणि चांदोलीची रानं मिळून. जंगल झकास, फलक झकास, वर्षानुवर्षं कसर एकच, वाघांची. 2025 च्या नोव्हेंबरात ताडोब्यातली एक वाघीण गाडीत बसवून तिथं आणली. तिकडं चालत निघालेला पकडायचा आणि इकडं बसलेली उचलून आणायची. व्यवस्थापन म्हणतात ते हेच. वाघानं आपल्या पायांनी कुठं जायचं नाही, प्रस्तावानं जायचं.

हिशेब मात्र आपण शेवटपर्यंत चोख ठेवतो. मेलेल्या वाघाचं शवविच्छेदन होतं, नखं अठरा आहेत का बघतात, सुळे चार आहेत का, मिश्या आहेत का, मग साक्षीदारांसमोर जाळतात आणि राख होईपर्यंत थांबतात. कायद्यात पहिल्या अनुसूचीतला प्राणी, तेव्हा हे हवंच; नाहीतर दुसऱ्या दिवशी नखं कुणाच्या तरी गळ्यात लटकतात.

बार्शी तालुक्यातले आमचे एक पाहुणे आहेत, त्यांची कालवड गेली. आता पाहुण्यांना नियम तोंडपाठ झालेत. 48 तासांत कळवायचं, मढं जागचं हलवायचं नाही, पंचनामा, पशुवैद्य, सातबारा, पासबुक. भरपाई बाजारभावाच्या पाऊण हिश्श्याएवढी किंवा ठरलेली कमाल रक्कम, यातली जी कमी असेल ती. कालवड शुक्रवारी रात्री गेली आणि शनिवार-रविवार सुट्टी, म्हणून हे माशा वारत गोठ्याशी बसून राहिले. अखेर पंचनाम्याला माणूस आला. त्यानं जखमेचं माप घेतलं, सुळ्यांमधलं अंतर घेतलं, चिखलातला ठसा मोजला आणि विचारलं, ‘वाघ होता का बिबट्या? तुम्ही प्रत्यक्ष बघितला का?’

पाहुणे म्हणाले, ‘साहेब, बघत थांबलो असतो तर तुम्हाला दुसरा अर्ज काढावा लागला असता.’

‘त्याचं अवघड असतंय,’ साहेब टेप गुंडाळत म्हणाले. ‘त्याला वारस दाखला लागतो.’