एवढं एक वायसर

जुनी जिप्सी पाळणारा माणूस तुमच्या ओळखीचा आहेच. लातूर जिल्ह्यातल्या मुरुडसारख्या बाजाराच्या गावात असा एक नग असतोच असतो, आणि एकच असतो. दोन झाले तर दोघांचं उरलेलं आयुष्य एकमेकांच्या गाडीला नावं ठेवण्यात जातं. त्याला आपण अण्णा म्हणू, कारण असल्या माणसाला गावही अण्णाच म्हणतं. अण्णा बघावं तेव्हा गाडीखाली असतात. बाहेर दिसतात ते दोन पाय. एका पायात चप्पल, दुसरी चप्पल जॅकखाली. येणारा-जाणारा विचारतो, ‘काय करलालाव अण्णा?’ आणि पाताळातून यावा तसा आवाज येतो, ‘काही नाही, एवढं एक वायसर बसलं की झालं!’ हे वायसर गेल्या पोळ्याला राहिलं होतं, दिवाळीला राहिलं होतं, आणि अण्णांच्या थोरलीचं लग्न जमलं तेव्हा पाहुण्यांसमोर सुपारी फुटायच्या वेळीही राहिलेलंच होतं. लोक अशा माणसाला तीन नावं ठेवतात : हौशी, चक्रम आणि पैसा जास्त झालेला. माझं म्हणणं असं की तिन्ही चुकीची आहेत. अण्णा हे हाडाचे कोरडवाहू शेतकरी आहेत. फरक एवढाच की त्यांचं वावर चार चाकांवर उभं आहे. हे थट्टेत काढल्यासारखं वाटेल, म्हणून पुराव्यानिशी मांडतो.

सोयरीक कुळी बघून करतात, तर आधी गाडीची कुळी बघू. चारी चाकांना ताकद, पण आत बायकापोरांना धड बसता यावं अशी गाडी जपानी लोकांनी काढली, त्याचं मूळ थेट विजेच्या तारांत आहे. जपानच्या ईशान्येकडच्या तोहोकू भागातल्या वीज कंपनीच्या माणसांना ऐन हिवाळ्यात बर्फातून लाइन तपासत हिंडावं लागे. जीप बर्फात चाले, पण जिपेत बसलेला माणूस गारठून जाई. त्या कंपनीनं सुबारूकडे मागणं घातलं, आणि त्यातूनच पुढं १९७२ साली सुबारू लिओनी ही फोर व्हील ड्राइव्ह स्टेशन वॅगन बाजारात आली. म्हणजे ही जात जन्मली ती वायरमनच्या सोयीसाठी. आमच्याकडचा वायरमन खांद्यावर दोर टाकून, चपला हातात धरून, चिखलातून डीपीपर्यंत पायी जातो आणि फ्यूज टाकून पायीच परत येतो. पण तो विषय वेगळा. सुझुकीनं मात्र त्याआधीच, १९७० पासून, चारी चाकांना ताकद असलेली, पण अंगानं बारकी गाडी काढायला सुरुवात केली होती. तिच्या १९८१ च्या एसजे-४१० या पिढीतली लांब अंगाची गाडी मारुतीनं १९८५ च्या डिसेंबरात ‘जिप्सी’ म्हणून आपल्याकडे आणली : ९७० सीसीचं पेट्रोल इंजिन, चार गिअर, पुढं-मागं पाटे, मागच्या बाजूला समोरासमोर दोन बाकडी आणि वजन जेमतेम टनभर. १९९६ साली १३०० सीसीची जिप्सी किंग आली. फौजेनं आणि पोलिसांनी ती वर्षानुवर्षं वापरली आणि लिलावात काढली. म्हणूनच प्रत्येक जुनी जिप्सी, मालकाच्या सांगण्यानुसार, सियाचीनला जाऊन आलेली असते. कागदावर ती एखाद्या तहसील कचेरीतून निघालेली असली तरी.

आता पुरावा. कोरडवाहू शेतीचं पहिलं लक्षण असं की खर्च आधी आणि नक्की, उत्पन्न नंतर आणि आभाळाच्या मर्जीवर. जिप्सीचं तंतोतंत तेच. आधी सडलेला पत्रा कापायचा, मग डेंटिंग, मग लांबी, मग रंग. रंग वाळतो तोवर इंजिन धूर टाकू लागतं. मिस्त्री म्हणतो, अर्धं काम करू. खोलल्यावर म्हणतो, आता खोललंच आहे तर पूर्णच करू. ते झालं की कार्बोरेटर रुसतो, कार्बोरेटरची समजूत घातली की क्लच प्लेट, मग पाट्यांचे बुश, मग जॉइंटमधलं स्पायडर. विहिरीवर जसं ‘अजून दोन परस खाली गेलं की पाणी’ असतं, तसं इथं कायम ‘एवढं एक वायसर’ असतं. मिस्त्री हा या शेतीतला पाणाड्या आहे. पाणाड्या तळहातावर नारळ धरून वावर फिरतो, तर हा स्क्रू ड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून डोळे मिटतो. दोघांचाही चेहरा तेव्हा सारखाच गंभीर होतो, दोघंही एकाच आवाजात ‘इथंच आहे’ म्हणतात, आणि तिथं काही निघालं नाही तर दोष दोघांच्याही विद्येचा नसतो. तो खडकाचा किंवा आधीच्या मिस्त्रीचा असतो.

दुसरं लक्षण हिशोबाचं. शेतमालाचा उत्पादनखर्च काढताना कृषिमूल्य आयोग बियाणं, खत, मजुरी असा रोख खर्च धरतो आणि घरच्या माणसांच्या कष्टाचंही मोल त्यात मिळवतो. शेतकरी स्वतः मात्र ते कधीच धरत नाही. बायको दिवसभर खुरपते, म्हातारा राखणीला बसतो, पोरगं मोटार चालू करायला पळतं, आणि शेवटी ‘एकरी इतके सुटले’ म्हणून जो आकडा सांगितला जातो त्यात या तिघांना एक रुपयाही नसतो. अण्णांच्या हिशोबातही असंच आहे. धक्का मारणारी दोन पोरं, बॅटरी धरून उभी असलेली बायको, रविवारी रद्द झालेलं सासुरवाडीचं जाणं, यांची नोंद कुठल्याही वहीत नाही. वही आहे, पण तिच्यात पहिल्या दोन महिन्यांनंतर काही लिहिलेलं नाही. लिहिलं तर बेरीज करावी लागते, आणि बेरीज केलेला माणूस ना कोरडवाहू शेती करू शकत, ना जिप्सी ठेवू शकत.

यावर पहिला आक्षेप येईल की शेतकरी पोटासाठी करतो, हा हौसेसाठी. दोघांना एका दावणीला कसं बांधता? आक्षेप रास्त आहे, पण हौसेची गाडी कशी ओळखतात ते बघा. ती झाकून ठेवतात, रविवारी उघडतात, फडक्यानं पुसतात आणि प्रदर्शनाला नेतात. अण्णांची जिप्सी रोज राबते. सकाळी दुधाचे कॅन, दुपारी सोयाबीनची पोती, संध्याकाळी कडब्याच्या पेंढ्या, मधेच कुणाची तरी गाभण शेळी. जिला सजवून रोज कामालाही जुंपतात अशी आपल्या संस्कृतीत एकच वस्तू होती, बैल. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळतात. अण्णा त्याच मुहूर्तावर पाट्यांना ग्रीस भरतात. बैलाबद्दल ‘किती अॅव्हरेज देतो’ असं कुणी विचारत नव्हतं, आणि अण्णांनाही तो प्रश्न आवडत नाही.

दुसरा आक्षेप जाणकारांचा असतो : मुरुडच्या सपाट मुलखात चारी चाकांची ताकद हवी कशाला? याचं उत्तर पावसाळ्यात मिळतं. आमची काळी माती उन्हाळ्यात तडकून हात जाईल एवढ्या भेगा पाडते आणि पावसात फुगून साबण होते. टायरला ती अशी लिंपते की नक्षी बुजून चाक गुळगुळीत होतं, मडगार्डात ठासून बसते आणि चाक फिरायचंच थांबतं. अशा मातीत दोन चाकांपेक्षा चार चाकांना ओढ असणं केव्हाही बरं, हे मान्य केलंच पाहिजे. पण खरं बोलायचं तर पुढचंही मान्य केलं पाहिजे. साधी गाडी बांधाजवळच फसते, म्हणून मालक बांधावरून घरी जातो. जिप्सी वावराच्या मधोमध जाऊन फसते. त्यातून पुढच्या हबला हातानं फिरवायची कळ असली, तर चारी चाकं लावण्यासाठी आधी मालकालाच चिखलात उतरावं लागतं. शेवटी शेजारच्याची बैलजोडी येते आणि चार चाकांना आठ पाय बाहेर काढतात. ओढलं जात असताना अण्णा स्टिअरिंगवर बसून बैलवाल्याला समजावून सांगतात की गाडीत दोष नाही, एवढं एक वायसर सरकलंय.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार : जुन्या गाड्या धूर करतात, पेट्रोल पितात, नव्या घ्याव्यात. धूर जास्त, हे खरं आहे. कार्बोरेटरच्या गाडीची बाजू त्यात घेता येत नाही. कायदाही अण्णांना मोकळं सोडत नाही. पंधरा वर्षांनी नोंदणीची मुदत संपते, पुढं दर पाच वर्षांनी गाडी तपासून घ्यावी लागते, वर पर्यावरण कर. तो भरलाच पाहिजे, आणि ज्याला परवडत नाही त्यानं गाडी उभी करावी, याबद्दल माझं दुमत नाही. पण ‘नवी घ्या’ म्हणणाऱ्यानं दोन गोष्टींचं उत्तर द्यावं. नवी गाडी काही झाडाला लागत नाही. तिच्या पोलादाचा आणि रंगाचा धूर कुठल्या तरी दुसऱ्या गावाच्या आभाळात आधीच गेलेला असतो. आणि दिवसाला थोडकेच किलोमीटर फिरणारी जुनी गाडी मोडीत काढून पर्यावरण राखणाऱ्या या जिल्ह्यात, पिण्याच्या पाण्याची मारामार असताना ऊस मात्र डोलत असतो. आता त्याच उसाचं इथेनॉल पेट्रोलमध्ये वीस टक्के मिसळून येतं आणि अण्णांच्या जुन्या गाडीचे रबरी पाइप खातं. आधी उसानं विहीर प्यायली, आता तो पाइप खातोय. आणि या सगळ्यात पर्यावरणाचा गुन्हेगार ठरतात ते पाइप बदलणारे अण्णा.

घरच्यांचा आक्षेप मी वेगळा धरतो, कारण त्याला माझ्याकडे उत्तर नाही. धाकटी लातूरला शिकवणीला आहे. ‘लातूर पॅटर्न’मध्ये पहाटेपासून क्लास, आणि अण्णा तिला सोडायला जिप्सीच काढतात. पोरगी क्लासच्या चौकाआधीच उतरते. वडलांना सांगते की पुढं गर्दी असते, मनात मात्र गाडीचा आवाज असतो. परतताना अण्णा गंजगोलाईत सामान घ्यायला वळतात. सोळा रस्ते फुटणाऱ्या त्या गोलाईत पॉवर स्टिअरिंग नसलेली गाडी घेऊन शिरणं म्हणजे मोट ओढण्यासारखं आहे. हवा तो रस्ता चुकला की खांदे भरून येईपर्यंत पुन्हा प्रदक्षिणा. सामान काय, तर जुन्या सुट्या भागांच्या दुकानातून एक पुडी. पुडीत काय, ते सांगायला नको.

एवढं सगळं बोलून झाल्यावर एक दिवस मात्र असा येतो की अण्णांच्या विरुद्धचा खटला काढून घ्यावा लागतो. मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे आमच्या येळवशीला, अख्खं लातूर, अख्खं मुरुड वावरात जातं. कडब्याची कोप, तिच्यात पाच पांडव, भज्जी, उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यातलं आंबील. ऊसतोडीचा हंगाम ऐन भरात असतो आणि उसाच्या ट्रॅक्टरांनी पाणंदीला गुडघाभर चाकोऱ्या पाडलेल्या असतात. नव्या, चकचकीत गाड्या पोट घासेल म्हणून डांबरी सडकेवरच उभ्या राहतात. तिथून पुढं म्हाताऱ्यांना, लेकुरवाळ्यांना आणि आंबिलाच्या मडक्यांना कोण नेतं? समोरासमोरच्या दोन बाकड्यांवर अकरा माणसं, मांडीवर मडकी, आणि सकाळपासून पाच खेपा. त्या दिवशी कुणी अॅव्हरेज विचारत नाही. चौकाआधी उतरणारी पोरगीही त्या दिवशी पुढच्या सीटवर बसते आणि मैत्रिणींना हात करून बोलावते.

आणि तेव्हा ध्यानात येतं की ‘एवढं एक वायसर’ हे वाक्य मुळात अण्णांचं नाहीच. ते आपल्या सगळ्या मुलखाचं आहे. एवढा एक पाऊस पडला की भागलं. एवढी एक बोअर लागली की झालं. उजनीचं पाणी एवढं एकदा लातूरला आलं की मग बघा. ही घोषणा किती निवडणुकांपासून राहिलेली आहे ते मतदारांनीच मोजावं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्यानं भरलेली रेल्वे लातूरला निघाली, तेव्हा तीही मुरुडच्याच रुळांवरून पुढं गेली. पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. तहानलेल्या जिल्ह्याला दुसऱ्या जिल्ह्याचं पाणी वाघिणीत भरून आणावं लागणं, ही गोष्ट जर शहाण्या माणसांच्या नियोजनात बसते, तर अण्णांनी जुन्या जिप्सीत घातलेला पैसा वेडेपणाचा कसा? त्यांनी निदान आपल्या वाटची वस्तू चालती ठेवली आहे. मोडलं की फेकायचं, या नव्या रिवाजात मोडलेल्याशी रोज झटणारा माणूस गावात एक तरी असावा. एकच असावा, दोन नकोत.

तेव्हा माझा निकाल असा : अण्णा खर्चिक आहेत, कटकटे आहेत, आणि त्यांच्याशी गाडीवर बोलायला बसलेल्या माणसाची संध्याकाळ परत मिळत नाही. पण त्यांना ‘विकून टाका’ म्हणू नका. आपण वावर विकत नाही तोवर तो अधिकार आपल्याला नाही. पुढच्या वेळी गाडीखाली दोन पाय दिसले तर काही विचारू नका. चौदाचा पाना त्यांच्या हाताला लागेल असा सरकवा, चप्पल जॅकखालून काढून ठेवा आणि आपल्या वाटेनं जा.