तेहतीस गुणिले तेहतीस

शहापूर-मुरबाड पट्ट्यात हल्ली गणित शिकवायला शाळा लागत नाही, गुंठे लागतात. निदान दहा तरी. शहरातल्या शाळेतून मूल काढायचं, मुरबाडकडे फार्महाऊस घ्यायचं आणि त्याला ‘निसर्गातून’ गणित शिकवायचं. पाढे नाहीत, परीक्षा नाही, छडी नाही. छडी 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानेच गेली. पण ते यांना कोण सांगणार?

पहिला धडा गुंठ्याचा. आई मोबाइल धरते, बाबा दोरी धरतात, मूल मोजतं. उभे तेहतीस फूट, आडवे तेहतीस फूट. तेहतीस गुणिले तेहतीस बरोबर 1089 चौरस फूट. हा गुणाकार मोबाइलवर होतो, कारण पाढे म्हणजे घोकंपट्टी. मग चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणजे 43,560. बाबांचे डोळे पाणावतात. एवढ्या पाण्यावर व्हिडिओ निघतो.

दोरीचं दुसरं टोक राखणदाराच्या हातात असतं, तो व्हिडिओत येत नाही. गुंठा त्याला कोणी शिकवावा लागला नाही. जमीन बापाची, वाटण्या झाल्या, एक तुकडा बहिणीच्या लग्नात गेला, एक आजारपणात, उरलेल्यावर आता तो स्वतःच दोरी धरून उभा आहे. त्याच्या आजोबांना औटकी यायची, साडेतीनचा पाढा. तेरा मण भाताचे साडेतीनच्या भावाने साडेपंचेचाळीस रुपये, हे म्हातारा बिडी न विझवता सांगायचा. पावकी, निमकी, दिडकी, सगळं तोंडी. आम्ही ते शाळेतून हद्दपार केलं, तेव्हा कोणाला हळहळ वाटली नाही. आता तीच औटकी शनिवार-रविवारच्या कार्यशाळेत ‘प्राचीन भारतीय ज्ञान’ म्हणून फी भरून शिकवतात, आणि तिथे मात्र घोकलेली चालते! चटईवर बसून, डोळे मिटून, श्वासाच्या लयीत.

बरं, मोकळ्या हवेतच गणित शिकायचं तर त्याचीही सोय या तालुक्यांत जुनी आहे. दिवाळी सरली की कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात आणि पोरं बरोबर जातात. तीही शाळेबाहेर, आईबापांच्या नजरेखाली, मातीत हात घालून. तिथे एकक, दशक, शतक नाही, थेट हजार, कारण मजुरी हजार विटांवर. पाडलेल्या विटांचे पैसे मांडायचे, त्यातून आधी घेतलेली उचल वजा, आठवड्याची खर्ची वजा, आणि उत्तर मालकाच्या वहीत पाहायचं. ते शून्याच्या खाली गेलं की पुढचा हंगामही त्याच भट्टीवर. आठ वर्षांचं पोर उन्हात विटा उलटतं तेव्हा तो कोणाला प्रकल्प वाटत नाही, आणि त्याच्या आईला कोणी विचारत नाही की बाई, तुम्ही हा धाडसी निर्णय कसा घेतलात? फार्महाऊसवरच्या आईची मात्र रविवारच्या पुरवणीत पानभर मुलाखत. लाज वाटायला किती गुंठे लागतात?

फार्महाऊसच्या फाट्यावरच जिल्हा परिषदेची शाळा आहे. चार इयत्ता, दोन शिक्षक, पट घसरतोय. राखणदाराची मुलगी तिथे चौथीत. संध्याकाळी तीच त्या निसर्गपुत्राला भागाकार शिकवते, कारण बाबांना ‘हातचा’ कुठे गेला ते सापडत नाही. तिला त्याबद्दल एक चॉकलेट मिळतं, तेही आईने ‘साखर कमी खा’ असं बजावून दिलेलं.