किडनीचा फर्स्ट क्लास

रक्ताच्या रिपोर्टात माझ्या क्रिएटिनिनपुढे आकडा जास्त असल्याची चांदणी होती, आत्याच्या नव्हती. माझं १.३, तिचं ०.९. “तुझ्यापरीस माझंच बरं हाय की,” आत्या म्हणाली. ७२ वर्षांची, ३८ किलोची बाई मला असं म्हणाली. मी वजनानं ९२ किलो, हुद्द्यानं निवृत्त गणित शिक्षक.

मग माझी नजर खालच्या ओळीवर गेली. ईजीएफआर ६४. मूत्रपिंडं मिनिटाला किती मिलिलिटर गाळतात, त्याचा हा अंदाज. प्रत्यक्ष सहसा कुणी मोजायला जात नाही. क्रिएटिनिन, वय आणि बाई की बुवा एवढ्यावर सूत्र आकडा देतं. ६४ म्हणजे फर्स्ट क्लास! आणि मौज अशी की किडनीच्या डॉक्टरांनीही रेघ साठावरच मारली आहे. तीन महिन्यांहून जास्त काळ साठाच्या खाली राहिलात तर आजार जुनाट धरतात. संध्याकाळी कट्ट्यावर मी आकडा सहज बोलण्यात आणला. “शंभरातले का?” एकानं विचारलं. आमच्या मंद्रूपात कौतुक असंच होतं.

पण फर्स्ट क्लासवर समाधान मानणारा मास्तर मी नव्हे. मी रीचेकिंगला बसलो. कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट या दोघांचं १९७६ सालचं सूत्र आहे: १४० मधून वय वजा करा, वजनानं गुणा, ७२ गुणिले क्रिएटिनिननं भागा. १४० वजा ५८, गुणिले ९२... उत्तर ८१. डिस्टिंक्शन! रीचेकिंगमध्ये सतरा गुण वाढलेले मी नोकरीत कधी पाहिले नव्हते. वाढले कशामुळे, तर वजन अंशात आहे म्हणून. सूत्राला बिचाऱ्याला वाटतं की ९२ किलो म्हणजे स्नायू. पोटाला गुण देणारा दुसरा पेपर माझ्या पाहण्यात नाही.

इथं जरा १.७३ या आकड्याबद्दल बोलायलाच हवं. ईजीएफआरच्या पुढे बारीक अक्षरात ‘प्रति १.७३ चौरस मीटर’ असं छापलेलं असतं, आणि ते कुणीही वाचत नाही. मी वाचलं. हे अंगाच्या कातडीचं क्षेत्रफळ आहे. कुणाच्या? तर १९२०च्या दशकातल्या पंचविशीतल्या अमेरिकन माणसाच्या सरासरी कातडीचं. शंभर वर्षं झाली, तो तरुण अजून सगळ्या जगाच्या रिपोर्टात हात-पाय पसरून पडला आहे. कातडी मोजायची रीतही सोपी आहे: उंची गुणिले वजन, भागिले ३६००, त्याचं वर्गमूळ. माझी २.०७ भरली. हा आकडा डोळ्यांपुढे येईना, म्हणून घरातली सोलापुरी चादर अंथरली. साठ बाय नव्वद इंच, म्हणजे साडेतीन चौरस मीटरला थोडी कमी. खडूनं रेघ मारून पाहिलं. माझ्या कातडीनं निम्म्याहून जास्त चादर झाकली जाते! “धुवायची कुणी?” बायकोनं विचारलं. तोवर मी आत्याची उंची घेत होतो. तिची कातडी १.२५. चादरीच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडी जास्त.

आता मांडलंच आहे तर तिचंही रीचेकिंग करावं म्हटलं. लॅबच्या सूत्रानं तिला ६८ होते, माझ्याहून चार जास्त. कॉकक्रॉफ्ट-गॉल्टनं आले ३४.

पुन्हा मांडलं. ३४.

क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. जन्मभर खुरपून, एका भाकरीवर दिवस काढून जिच्या अंगावर स्नायूच उरले नाहीत, तिचं क्रिएटिनिन वाढणार कशानं? मूत्रपिंडं थकली तरी आकडा ०.९ वरच राहू शकतो. चांदणी छापताना यंत्र वय बघत नाही, वजन बघत नाही. माझ्यासारख्या धष्टपुष्टाला ते घाबरवतं आणि जिच्याकडे बघायला हवं तिला पास करून घरी पाठवतं. या चांदणीचा मला फार राग आला. गुडघ्यांसाठी आत्या मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणून रोज खात होती. त्या गोळ्या मूत्रपिंडांच्या मुळावर उठतात.

कॉकक्रॉफ्ट-गॉल्टच्या सूत्राच्या शेवटी बाईसाठी ०.८५ नं गुणायचं असतं. ते मूळ सूत्र बसवलं २४९ रोग्यांवरून, आणि ते जवळपास सगळे पुरुष. बायकांचे पंधरा टक्के अंदाजानंच कापलेले. हे मी आत्याला सांगितलं. तिला नवल वाटलं नाही. “खुरपायला तरी कुठं बाप्याएवढी हजेरी देत हुते,” ती म्हणाली.

मग तिला सोलापूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहायच्या आधी तिला वजनकाट्यावर उभं केलं, तेव्हाच माझं त्यांच्याविषयी मत चांगलं झालं. मी दोन्ही सूत्रं मांडलेला कागद पुढे केला. त्यांनी तो बाजूला ठेवला, गोळ्या बंद केल्या, लघवीतलं अल्ब्युमिन तपासायला सांगितलं आणि म्हणाले, “सर, दोन अंदाजांत एवढी तफावत असली की मोजलेलं बरं. आजींची चोवीस तासांची लघवी आणा.”

सकाळची पहिली सोडून द्यायची, तिथून दुसऱ्या सकाळपर्यंतची सगळी एका कॅनमध्ये धरायची. आत्यानं हे काम चोख केलं. शाळेत गेली असती तर पहिली आली असती. कॅन घेऊन मी एसटीत चढलो. खच्चून गर्दी. एका माजी विद्यार्थ्यानं उठून जागा दिली, पाया पडला, आणि नको नको म्हणत असताना माझ्या हातातला कॅन काढून घेतला. “सर, तुम्ही बसा निवांत. मी धरतो की.” वडकबाळचा सीनेवरचा पूल गेला, हत्तूर गेलं. त्यानं कॅन छातीशी धरलेला, खड्डा आला की दोन्ही हातांनी सावरायचा.

“सर, ताक हाय का?”

“आत्यानं दिलंय,” मी म्हणालो. गणिताच्या मास्तरानं खोटं बोलू नये.