कांद्याच्या गोणीस घडीच्या सायकलवाल्याचं खुलं पत्र

प्रति,
श्रीमती गोणीबाई कांदे,
मु. कांदा-बटाटा मार्केट, एपीएमसी, तुर्भे, नवी मुंबई.



पत्र लिहिण्यास कारण की, मला तुमचा हेवा वाटतो. रीतसर ओळख नाही, पण सकाळी तुम्ही ट्रकमधून कुणाच्या तरी पाठीवर बसून उतरत असता आणि मी अंग चोरून भिंतीला चिकटलेला असतो, तेव्हा आपली नजरानजर होते. मी मसाला मार्केटातल्या एका पेढीवर जमाखर्च लिहितो. ठाण्याहून येतो. माझ्या हातात जी काळी, दुमडलेली, तेलकट वस्तू असते ती सायकल आहे. हे मुद्दाम सांगावं लागतं.

आधी तुमचं थोडं कौतुक. तुम्ही पूर्वी मशीद बंदरला राहायचात. तिथल्या गल्ल्या तुमच्यामुळे, म्हणजे तुम्हाला आणणाऱ्या ट्रकांमुळे, इतक्या तुंबल्या की दक्षिण मुंबईला श्वास घेता येईना. दुसरं कोणी असतं तर चलन फाडलं असतं. तुमच्यासाठी १९७७ साली अख्खी बाजार समिती उभी राहिली, आणि ऐंशीच्या दशकात खाडीपलीकडे तुर्भ्याला तुम्हाला ऐसपैस घर मिळालं. मागोमाग मसाले आले, धान्य आलं, १९९६ साली भाजी आणि फळंही आली. यावरून मी एवढंच शिकलो की या महानगरात जागा हवी असेल तर आधी रस्ता तुंबवण्याची कुवत पाहिजे. माझी सायकल कुणाचाच रस्ता अडवत नाही. सबब तिला कुठेच जागा नाही.

तुमच्या उचलण्याबसवण्यालाही कायदा आहे. अण्णासाहेब पाटलांनी हमालांना संघटित केलं, १९६९ साली माथाडी कायदा झाला, त्यातून मंडळं आली, मजुरीचे दर आले. ५० किलोंच्या वरची गोणी पाठीवर घेणार नाही, असं माथाडी आजही ठणकावून सांगतात. ते रास्तच आहे. पाठ त्यांची आहे. तुमचं वजन होतं, तोलाई लागते, हमाली लागते, पावती फाटते, आवक म्हणून नोंद होते, भाव पडला तर बातमी होते. तुमच्या इमारती महापालिकेच्या धोकादायक यादीत वर्षानुवर्षं आहेत, तरी तुम्ही तिथेच तळ ठोकून आहात. आमच्या पेढीच्या जिन्याखाली मात्र माझी सायकल दहा मिनिटं ठेवली तर ‘अडथळा’ होतो.

आता माझी हकिकत. ठाण्याहून वाशीची लोकल २००४ साली सुरू झाली आणि आमच्यासारख्यांचं भलं झालं. पण लोकल तुर्भ्याला सोडते, मसाला मार्केटात नाही. मधला तुकडा चालत गेलं तर घाम, शेअर रिक्षाने गेलं तर चौथी सीट, आणि चौथ्या सीटवर बसणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, तुमची आयुष्यभर थप्पीच लागलेली असते. म्हणून सायकल घ्यायचं ठरवलं. साधी सायकल स्टेशनबाहेर ठेवली तर संध्याकाळी तिच्या जागी फक्त कुलूप सापडायची भीती. महापालिकेने २०१८ साली भाड्याच्या सायकली आणल्या, त्यांना स्टँड मिळाले, फलक मिळाले. स्वतःच्या पैशाने सायकल घेणाऱ्याला खांबसुद्धा नाही. उरला एकच उपाय: सायकल अशी घ्यावी की ती सायकल आहे हे कुणाला कळूच नये.

घडीच्या सायकलीचं सारं शास्त्र हे एवढंच आहे. सीटची खिट्टी सोडून दांडा खाली दाबायचा, पेडल आत मोडायचं, हँडल पाडायचं, मधल्या बिजागरीची खीळ उघडून पुढचं चाक मागच्याला भेटवायचं. अर्ध्या मिनिटात वाहनाचं सामान होतं. मग वर पिशवी चढवायची. पिशवी महत्त्वाची. उघडी सायकल दिसली की वॉचमन म्हणतो, ‘गाडी आत नाही.’ पिशवीत घातली की तोच विचारतो, ‘पार्सल कुणाचं?’ दोन्ही वेळा वजन तेच, १२ किलो. घडी बिजागरीने होते असं कंपन्या सांगतात. खरी घडी त्या पिशवीने होते.

या सायकली काढणारे लोकही असेच, गैरसोयीने पिडलेले. लंडनचा अँड्र्यू रिची १९७५ च्या सुमारास आपल्या खोलीतच तुकडे जोडत बसला आणि खिडकीतून जे ब्रॉम्प्टन चर्च दिसायचं त्याचंच नाव सायकलीला देऊन मोकळा झाला. अमेरिकेत डेव्हिड हॉन हा लेझरवर काम करणारा शास्त्रज्ञ. तेलटंचाईच्या काळात त्याच्या डोक्यात घडीची सायकल शिरली आणि १९८२ साली त्याने डाहोन ही कंपनी काढली. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या मुलांनी मोठ्या चाकांची, विजेवर चालणारी घडीची सायकल केली. २०२३ साली आनंद महिंद्रांनी तिची जाहीर वाखाणणी केली. मोठ्या चाकाचं महत्त्व तुर्भ्याच्या रस्त्यावर विशेष कळतं. ट्रकच्या चाकाला जो खड्डा जाणवतही नाही, त्यात माझं चाक मुक्कामाला जातं.

चाकावरून आठवलं. तुमच्या ओळखीत कुणी अशी सायकल घेणार असेल तर सांगा, २० इंची घे. तिचा टायर ४०६ मापाचा, तोच पोरांच्या २० इंची सायकलीला लागतो, त्यामुळे कुठल्याही पंक्चरवाल्याकडे ट्यूब मिळते. १६ इंचीत मात्र गोम आहे. मुलांच्या सायकलीचा १६ इंची टायर ३०५ मापाचा आणि ब्रॉम्प्टनचा ३४९ चा. दोन्हींवर आकडा १६ च. दुकानदार शपथेवर सांगतो की बसेल, आणि मग तो, त्याचा पोऱ्या आणि आपण असे तिघं मिळून तो टायर ओढत बसतो. किमतीचं म्हणाल तर पंधरा-वीस हजारांपासून सुरुवात, आणि ब्रॉम्प्टन लाखाच्या पुढे. तेवढ्यात तुमच्या किती भगिनी येतील हा हिशेब मी मनातल्या मनात केला आहे, तो पत्रात लिहीत नाही. घरी वाचतात.

तक्रार तुमच्याबद्दलही आहे. पावसाळ्यात तुमच्या दारातून सायकल नेणं म्हणजे खाली सडलेल्या पाल्याचा रबरबाट आणि वर तुमची उडणारी सालं. साल साखळीत शिरते, तेलाला चिकटते, मग गिअर बदलताना करकर वाजतं. मधल्या बिजागरीत चिखल गेला तर खीळ नीट बसत नाही, आणि खीळ न बसलेली घडीची सायकल ब्रेक दाबल्यावर स्वतःहूनच घडी व्हायला बघते. म्हणून मी पेढीवर पोचलो की आधी जुन्या बारदानाच्या तुकड्याने बिजागरी पुसतो. म्हणजे तुमच्याच माहेरच्या कापडाने. राग मानू नये.

कधी मनात येतं, दुसऱ्या शहरात तरी हिला ओळख मिळेल. बेंगळुरूच्या मेट्रोने २०२१ साली घडीच्या सायकलीला रीतसर परवानगी दिली. मी आनंदाने वाचायला घेतलं तर अट अशी: माप ६० बाय ४५ बाय २५ सेंटिमीटरच्या आत आणि वजन १५ किलोपर्यंत. जगात सगळ्यात लहान घडी होण्याबद्दल जिचा लौकिक, त्या ब्रॉम्प्टनची घडी साधारण साडेचौसष्ट बाय साडेअठ्ठावन्न बाय सत्तावीस. म्हणजे परवानगी आहे, बसणारी सायकल तेवढी शोधायची. हे वाचून मला आपल्या कार्यालयांची आठवण झाली आणि जरा बरं वाटलं. अटी घालणारी डोकी सगळीकडे एकाच साच्यातली असतात.

तरी सुट्टीत हिचं सोनं होतं. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडव्याला जायचं, उतरल्यावर घडी उलगडायची आणि अलिबागच्या वाड्यावाड्यांतून फिरायचं. परत येताना दमलं तर एसटीच्या डिकीत टाकायची. मोठी सायकल असती तर टपावर चढवा म्हणाले असते.

रोजच्या परतीला लोकलचा मालडबा. तिथे तुमचं घराणं टोपल्यांतून, पोत्यांतून बसलेलं असतं आणि तुमच्या मानाने मी फारच हलका ऐवज. एक भाजीवाली मावशी माझ्या पिशवीवर कोथिंबिरीचं गाठोडं टेकवते आणि कुठे उतरणार ते विचारते. त्या डब्यात मात्र मला कुणी कधी काही सिद्ध करायला लावलं नाही. माल म्हटलं की संपलं.

परवा अन्नपूर्णा चौकाजवळ मी घडी उलगडत होतो. एक माथाडी कामगार हातगाडी टेकवून बघत उभा राहिला. साताऱ्याकडचा असावा. म्हणाला, “आवं भाऊ, ही सायकल हाय का छत्री?” मी खीळ लावून दाखवली, एक फेरी मारून दाखवली. त्याने हाताने उचलून वजन पाहिलं, खाली ठेवली. “बारा किलू? आन् ही तुमी उचलून नेताय, का ही तुमाला नेतीया?” मी म्हटलं, “दोन्ही. जिना आला की मी नेतो.” तो म्हणाला, “मंग हमाली मागा की कुणाकडं तरी!” आणि गाडी ढकलत गेला. गोणीबाई, इतका मुद्द्याचा प्रश्न मला ना दुकानदाराने विचारला, ना सायकलवाल्या मित्रांनी.

तेव्हा विनंती अशी, की तुमच्या ओळखीने मलाही एकदा आवक नोंदीत घ्यावं. नमुना सोबत जोडतो. माल: सायकल, एक नग. बारदान: काळी पिशवी. वजन: १२ किलो, पाण्याची बाटली वेगळी. मुक्काम: सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, जिन्याखाली. हमाली: स्वतःची स्वतः. तोलाई, वाराई काय होईल ते द्यायला तयार आहे. फक्त पावती हवी. वॉचमनला दाखवायला.

आपला नम्र,
घडीचा सायकलवाला,
मसाला मार्केट

ता.क. वजन कमी म्हणून नोंद अडत असेल तर मला गोल्टीत, म्हणजे बारक्या कांद्यात, धरलं तरी चालेल.