ओट्याचे अंदाजपत्रक

मध्यमवर्गीय गृहस्थाने जुनाट स्वयंपाकघराच्या नूतनीकरणार्थ अल्पशी रक्कम मुक्रर करावी, गृहिणीने गळक्या नळाची आणि खिडकीतल्या साध्या पंख्याची रास्त मागणी रुजू करावी, आणि अखेरीस मंजुरी मात्र चकचकीत दारांच्या कपाटांना मिळावी, हा आपल्या गृहराज्यकारभाराचा अलिखित कायदाच होऊन बसला आहे. पुरणाची पातेली आणि खलबत्त्याचे आघात निमूटपणे सोसत आलेला कडप्प्याचा ओटा, केवळ तो काळा आहे एवढ्याच अपराधावरून बडतर्फ होतो, आणि त्याच्या जागी काळ्याच ग्रॅनाइटची सन्मानपूर्वक नेमणूक होते. कपाटांना आयएस 710 शिक्क्याचे, पाण्याला दाद न देणारे प्लायवुड वापरावे, ही सुताराची शिफारस खर्चाच्या सबबीवर नामंजूर होते; मग भुसा दाबून केलेल्या फळ्या येतात आणि सिंकखालची ओल कडांतून शिरताच गृहस्वामीच्या अभिमानासह फुगू लागतात. चिमणी तर प्रतिष्ठेची बाब. परंतु भिंतीला भोक पाडण्याचा खर्च टाळण्यासाठी तिची नळीच वगळली जात असल्यामुळे, ते यंत्र फोडणीचा तेलकटपणा काय तो जाळीत ठेवून घेते आणि ऊन हवा स्वयंपाकघरालाच इमानेइतबारे परत करते. वस्तुतः भिंतींना रंगाचा हात, फडताळाला नव्या बिजागऱ्या आणि ओट्यावर एक स्वच्छ दिवा, एवढ्यावर बहुतेक स्वयंपाकघरांचा कायापालट होऊ शकतो. या योजनेत वैगुण्य एवढेच, की शेजाऱ्यांना बोलावून दाखवण्याजोगे तिच्यात काहीच नसते.