पासवर्डमामा

वस्तू वापरायला घेणारी माणसं वेगळी आणि राखायला घेणारी वेगळी. या दुसऱ्या जातीतल्या माणसांनी एकेकाळी रेडिओला भरतकामाची झूल घातली, पोस्टात रांग लावून परवान्याच्या पुस्तकावर वेळेत शिक्के मारून आणले, आणि बातम्या ऐकायला आलेल्या शेजाऱ्याला बटणाला हात लावू दिला नाही. पुढे काळा फोन आला, तेव्हा त्याच्या गोल तबकडीच्या भोकात इवलंसं पितळी कुलूप बसलं. टीव्ही आला तो सरकत्या दारांच्या लाकडी पेटीत. पेटीची किल्ली मालकाच्या करगोट्याला. परवाना ऐंशीच्या दशकात गेला, तबकडी गेली, पेटीत आता कुणाच्या कोंबड्या झोपतात. माणूस मात्र शाबूत आहे. त्याचा सध्याचा मुक्काम बाजारकुणंगला असून नात्याने तो माझा मामा लागतो. वाडीतली पोरं त्याला पासवर्डमामा म्हणतात, अर्थात पाठीमागे.

बाजारकुणंग म्हणजे कर्नाटकातल्या जोयडा तालुक्याचा गोव्याकडे झुकलेला भाग. वरच्या अंगाला डिग्गी, जिथल्या डोंगरात काळी नदी उगम पावते. आसपास काळी व्याघ्र प्रकल्पाचं रान. घरं वाड्यावाड्यांनी विखुरलेली, मध्ये भातखाचरं, पोफळी, ओहोळ. मामांच्या घरापासून सर्वांत जवळचं घर ओहोळापलीकडे आहे, आणि हाक मारायची तर दोन्ही हात तोंडाशी धरावे लागतात. घराला कडी आहे. कुलूपही आहे, पण ते गंजून कडीलाच चिकटलंय, कारण ते लावायची वेळ कधी आली नाही. अशा ठिकाणी मामांनी आपलं वायफाय त्रेसष्ट अक्षरी पासवर्डाने बंद केलेलं आहे.

त्रेसष्टच का? कारण चौसष्टावं अक्षर घेतच नाही. डब्ल्यूपीए-२ या पद्धतीत सांकेतिक वाक्य कमीत कमी आठ आणि जास्तीत जास्त त्रेसष्ट अक्षरांचं असतं. मामांनी हे कुठेतरी वाचलं आणि दिलेली जागा पूर्ण भरली. सरकारी अर्जातही ते एक चौकोन मोकळा सोडत नाहीत. दांडेलीच्या कागद कारखान्यात आयुष्य गेल्यामुळे कागदावरची मोकळी जागा त्यांना नासाडी वाटते.

या सगळ्याचं मूळ पिवळ्या पडलेल्या एका कात्रणात आहे. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत स्फोट झाले. त्याआधी काही मिनिटं वृत्तवाहिन्यांना धमकीची मेल गेली होती. तिचा माग काढत पोलीस पोचले नवी मुंबईत, सानपाड्याला, एका अमेरिकन भाडेकरूच्या घरी. त्या बिचाऱ्याचा कटाशी काडीचा संबंध नव्हता. त्याचं वायफाय उघडं होतं आणि भलत्यानेच ते वापरलं होतं, एवढंच. २००९ च्या सुरुवातीला तर मुंबई पोलिसांनी रस्त्यांवरून फिरून उघडी वायफाय शोधायची मोहीम जाहीर केली. मामा तेव्हा नोकरीत होते, घरात कॉम्प्युटरसुद्धा नव्हता. तरी त्यांनी कात्रण कापलं, वहीत डकवलं आणि ती वही निवृत्तीच्या सामानाबरोबर गावी आणली.

"मामा, ते सानपाडा. तिथे एका भिंतीला चार बिऱ्हाडं. इथे तुमच्या वायफायच्या टप्प्यात येणार कोण?"

"तेच तो अमेरिकन पण म्हणाला असणार," मामा म्हणाले. "सानपाड्याला झालं ते कुणंगला होणार नाही कशावरून, सांग की."

सांगता येत नाही. हीच या माणसांची ताकद असते.

आता एवढ्या धोक्याची जाणीव असलेला माणूस यंत्र तरी चांगलं घेईल असं तुम्हाला वाटेल. छे! रेडिओला झूल घालणारा माणूसच रेडिओ सेकंडहँड घ्यायचा. राखायची हौस असलेल्याला खर्चायची हौस नसते, आणि वस्तू जेवढी स्वस्तात मिळालेली, तेवढा ती चोरीला जाण्याचा धसका मोठा. मामांचा पहिला राउटर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आला. चोरिस सॉसेजांच्या माळांशेजारी जुन्या रिमोटांचा ढीग होता, त्याच्या तळातून. त्याला दोन शिंगं होती, त्यातलं एक फेविक्विकने उभं होतं. घरी आल्यावर कळलं की त्याला कुलपाची फक्त डब्ल्यूईपी ही जुनी पद्धत माहीत आहे. ती २००१ मध्येच संशोधकांनी उघडी पाडली होती, आणि फुकट मिळणारी हत्यारं वापरून हुशार पोरगा ती चहा निवायच्या आत फोडतो. मामांनी राउटर परत बाजारात नेला. विकणाऱ्याने पैसे दिले नाहीत, पण त्याच ढिगातला दुसरा दिला. असा फेरबदल बराच काळ चालला आणि शेवटी डब्ल्यूपीए-२ येणारा एक डबा घरात आला. २००६ ते २०२० या काळात वायफायचा शिक्का हवा असलेल्या प्रत्येक नव्या यंत्राला ही पद्धत यावीच लागायची, म्हणजे तो अगदीच पुराणवस्तू नव्हता. मामांनी त्याला हळदकुंकू वाहिलं.

पण राउटर म्हणजे फक्त तोटी. पाणी कुठून आणायचं? घरात मोबाइलची रेघ येत नाही. ती येते घरामागच्या टेकाडावर, एका काजूच्या झाडाखाली, जिथे लॉकडाऊनमध्ये वाडीतली पोरं प्लास्टिकचं इरलं अंगावर घेऊन शाळा शिकत बसायची. मामांनी ठरवलं की सिमकार्डाचा डबा त्या झाडावर बसवायचा आणि तिथून घरापर्यंत वायर ओढायची. अशी वायर शंभर मीटरपलीकडे भरवशाची नसते. मामांनी चऱ्हाट टाकून अंतर मोजलं, ते थोडं जास्त भरलं, म्हणून राउटर माजघरातून मागच्या पडवीत आला. मामीच्या मते तो तसाच पुढे सरकत गोठ्यात गेला असता तर बरं.

झाडावरचा डबा कोणी उचलून नेऊ नये म्हणून मामांनी तो बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घातला, भोकं बुजवली, डब्याला कुलूप घातलं. त्या दिवशी जोयडा तालुक्यातलं सर्वांत सुरक्षित इंटरनेट बाजारकुणंगला होतं. आत काही जात नव्हतं, बाहेर काही येत नव्हतं. चारी बाजूंनी पत्रा असला की रेडिओलहरी आतल्या आत अडतात, हे शाळेत जाणाऱ्या त्यांच्या भाचीने सांगितल्यावर पत्र्याचा डबा जाऊन लोणच्याची प्लास्टिकची बरणी आली. बरणीला कुलूप लागेना. मग मामांनी झाडाच्या बुंध्याला काटेरी तार गुंडाळली. वानरं वरच्या फांदीवरून येतात, तार खाली असते. वानरांनी वायर दोनदा ओरबाडली, आणि मामांच्या वहीत 'हल्लेखोर' या मथळ्याखाली आजवर एवढ्याच नोंदी आहेत.

वहीचं सांगितलंच पाहिजे. मामांनी तीन तटबंद्या उभारल्या होत्या. पहिली पासवर्डाची. तो घरची कोकणी, भजनातली मराठी आणि कचेरीतली कानडी अशा तीन भाषांत, रोमन लिपीत, मध्ये मध्ये रेशनकार्डाचे आकडे पेरून तयार केलेला. दुसरी, वायफायचं नाव दडवायचं. कोणी यादी उघडली तर तिथे काहीच दिसू नये. (आमच्याकडे यादी उघडली तर तशीही कोरीच असते, पण मामांना ती आपल्यामुळे कोरी असायला हवी होती.) तिसरी, पाहुण्याची नोंद. प्रत्येक फोनला बारा अंकाक्षरांचा स्वतःचा पत्ता असतो. तो वहीत उतरवायचा, राउटरमध्ये भरायचा, मगच फोनला प्रवेश. खाली पाहुण्याची सही.

यातल्या पहिल्या तटबंदीला मी मान देतो. लांब पासवर्ड ही खरी गोष्ट आहे. बाकी दोन मात्र शोभेच्या. दडवलेलं नाव तुमचाच फोन हवेत पुकारत फिरतो आणि तो बारा अक्षरी पत्ता लहरींबरोबर उघडाच जातो. ऐकणाऱ्याने ऐकावा आणि आपल्या यंत्राला चिकटवावा. हे मी समजावून सांगितलं, तेव्हा मामा म्हणाले, "असू दे. नोंद असलेली बरी." मग नवे फोन आले. ते प्रत्येक वायफायला आपला खरा पत्ता न सांगता एक बनावट पत्ता सांगतात, मालकाचा माग काढता येऊ नये म्हणून. वहीत खरा पत्ता, दारात खोटा. गणपतीला आलेले मुंबईकर जावई तीन दिवस पडवीत उभे राहिले; त्यांचा फोन आत येईना. मामांनी त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मामीने नंतर विड्याचं तबक मधे धरून मोडली.

वाडीतली पोरं मात्र केव्हाच आत आली होती. सही न करता. राउटरच्या पाठीला एक छोटं बटण असतं, डब्ल्यूपीएस नावाचं. ते दाबलं की दोन मिनिटांच्या आत मागणाऱ्या एका फोनला पासवर्ड न विचारता प्रवेश. ज्यांना पासवर्ड टाइपायचा कंटाळा, त्यांच्यासाठी केलेली सोय. याच सोयीत आठ आकड्यांचा एक पिनही असतो, आणि तिथली गंमत २०११ मध्ये उघडकीस आली. शेवटचा आकडा नुसता ताळ्याचा, आणि उरलेले आकडे राउटर दोन तुकड्यांत तपासतो, त्यामुळे दहा कोटींऐवजी फक्त अकरा हजार प्रयत्नांत कुलूप उघडतं. पोरांना एवढ्या गणितात शिरायची गरज पडली नाही. मामा दुपारचे आडवे झाले की एकाने पडवीत जाऊन पुन्हा पुन्हा बटण दाबायचं, बाकीच्यांनी खाली अंगणात एकेक करून फोन जोडून घ्यायचे. नोंदीच्या तटबंदीतून कसे आले विचारता? जावयांच्या मुक्कामात मामीने भाचीला सांगून ती तटबंदी बंद करून घेतली होती, आणि मामांना सांगायचं राहून गेलं होतं.

मामांना पत्ता लागला तो सिमचा डेटा रोज दुपारी साडेतीनला संपू लागला तेव्हा. मला वाटलं, आता काठी निघणार. तसं झालं नाही. मामांच्या चेहऱ्यावर मी इतकं समाधान क्वचित पाहिलं असेल. इतकी वर्षं ते ज्याची वाट पाहत होते तो चोर अखेर आला होता! त्यांनी बटणावर एम-सील थापलं, पोरांना ओळीने बसवलं आणि सानपाड्याचं कात्रण वाचून दाखवलं. मग राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय सुरू केलं, संध्याकाळी पाच ते सात, फक्त अभ्यासाला. पासवर्ड सोपा, दर रविवारी बदललेला, पण घेताना वहीत सही. पोरं सह्या करतात. एकजण नेमाने गावच्या शाळामास्तरांची करतो.

राउटरचं सॉफ्टवेअर जुनं झालं होतं. जुन्या राउटरांना नवं आयुष्य देणारी ओपनडब्ल्यूआरटी नावाची फुकट प्रणाली २००४ पासून चालत आली आहे. तिच्या नव्या आवृत्त्यांना आठ एमबी साठवण आणि चौसष्ट एमबी स्मृती तरी लागते. मामांच्या डब्यात दोन्ही निम्मी. तरी एक जुनी आवृत्ती बसेल म्हणून मामांनी ती चढवायला घेतली, आणि निम्म्या वाटेवर वीज गेली. आमच्या तालुक्यात सुप्याचं एकशे एक मीटर उंच धरण आहे. त्याच्या पोटात जुनं सुपा गाव बुडालं, माणसं रामनगरला गेली, वीज सगळ्या कर्नाटकात गेली. आमच्याकडे ती अधूनमधून माहेरपणाला येते. तो राउटर त्यानंतर कधीच बोलला नाही. मामांनी त्याच्या जागी भाचीच्या बक्षिसाच्या पैशातून नवाकोरा डब्ल्यूपीए-३ वाला घेतला, म्हणजे भाचीने घेतला आणि मामांनी बिल फायलीला लावलं.

नवा लावताना भाचीने एक विचारलं, "जुन्याच्या आतल्या पानाचा पासवर्ड काय होता हो मामा?" आतलं पान म्हणजे जिथून राउटरचा सगळा कारभार चालतो ते. मामा म्हणाले, "तो कंपनीने दिलेला होता की. अ‍ॅडमिन, अ‍ॅडमिन."

त्रेसष्ट अक्षरांच्या दरवाजामागे तिजोरी उघडी होती. मी मामांना २०१६ ची हकीकत सांगितली. मिराय नावाचा एक किडा जगभरच्या स्वस्त कॅमेऱ्यांत आणि राउटरांत शिरला होता. त्याने काही फोडलं नाही. कंपनीने खोक्यावर छापून दिलेल्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या तो एकामागून एक लावून पाहायचा. लाखो यंत्रं अशी उघडली, आणि त्या फौजेने ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतली मोठमोठी संकेतस्थळं काही तास आडवी केली. अशा चोराला कुणंगला यायला बस लागत नाही, ओहोळ ओलांडावा लागत नाही. तो वायरीतूनच येतो. मामांनी चष्मा लावला, सगळं वहीत उतरवलं, 'मिराय'खाली दोन रेघा ओढल्या आणि खूप वेळ काही बोलले नाहीत.

या शिमग्याला गेलो तर पडवीच्या वाशाला एक गोल पांढरा कॅमेरा, तोंड राउटरकडे.

"म्हापसा?" मी विचारलं.

"शुक्रवारचा. साडेतीनशे म्हणाला, दोनशेला आणला. राउटरवर नजर ठेवायला कोणीतरी हवं की रे."

"पासवर्ड बदलला त्याचा?"

"बदलायचा कशाला? खोक्यावर छापलेला आहे, हरवायची भीती नाही."

"मामा, मागे मी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

मामांनी वही काढली, दोन रेघांचं पान उघडलं, बोट ठेवून शेवटपर्यंत वाचलं आणि वही मिटली.

"ते तू राउटरचं सांगितलं होतंस," मामा म्हणाले. "हा कॅमेरा."